टेकू लावलेली चाळ आणि सासऱ्यांच्या नावाची पावती : एका खोलीचं पूर्ण प्रकरण

लालबाग-परळच्या पट्ट्यातली एक सेसची (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, भाड्याची) चाळ, तळमजला अधिक तीन, मधे लाकडी जिना, प्रत्येक मजल्यावर गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला कॉमन संडास. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, त्यात चार माणसं. ६२ वर्षांच्या काकू, त्यांचा मुलगा, सून आणि तिसरीतला नातू. काकू पोळीभाजीचे डबे करतात, मुलगा भिवंडीला गोडाऊनमधे रात्रपाळीला जातो, सून एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. काका २०२१ ला कोविडमधे गेले. खोलीचं भाडं महिना १८७ रुपये. आणि भाडेपावती अजूनही काकूंच्या सासऱ्यांच्या नावावर, जे १९९८ ला वारले.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरलं.

आम्ही पाच-सहा जण शनिवारी संध्याकाळी एका मंडळाच्या खोलीत बसतो आणि जुन्या चाळीतल्या लोकांना कागद जुळवायला मदत करतो, कुणी रिटायर्ड क्लार्क आहे, एक वकील ताई आहेत, मी अर्ज लिहिते आणि लोकांबरोबर ऑफिसात जाते. ओळख पटू नये म्हणून चाळीचं नाव, खोली नंबर, माणसांची नावं देत नाहीये आणि एक-दोन बारीक तपशील बदललेत.

२०२५ ला पाऊस किती लवकर आला ते मुंबईकरांना आठवत असेल, २६ मे लाच. एरवी ११ जूनच्या आसपास येतो, म्हणजे लोकांच्या हातात जे पंधरा दिवस असतात ना, ताडपत्री टाकायचे, वासे बघून घ्यायचे, ते पंधरा दिवसच त्या वर्षी मिळाले नाहीत. चाळीला आधीपासून टेकू होते, भिंतीतल्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या (भेग वाढली की काच तडकते, म्हणजे इमारत हलतेय हे कळतं), आणि त्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरची काच तडकली. दोन दिवसांनी रात्री गॅलरीच्या छताचं प्लास्टर सळईसकट खाली आलं. कुणाला लागलं नाही कारण रात्रीचे अडीच वाजले होते. सकाळी सहाला त्याच जागी नळावर बायकांची रांग असते.

खाली करा म्हणून नोटीस लागली. अठ्ठावीस खोल्यांपैकी पहिल्या आठवड्यात नऊच खाली झाल्या. काकू म्हणाल्या मी जाणार नाही.

आता बाहेरून बघणारा लगेच म्हणतो की काय हट्टी लोक आहेत, जीव प्यारा नाही का. मलाही सुरुवातीला आतून तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मनाशी ठरवून गेले होते की यांना हुसेनीवाल्याची गोष्ट सांगायची. भेंडीबाजारची हुसेनी इमारत, ३१ ऑगस्ट २०१७, ३३ माणसं गेली, आणि ती इमारत पुनर्विकासातली होती, काही कुटुंबं आधीच हलली होती, जी राहिली होती ती सापडली. मग फोर्टची भानुशाली इमारत, १६ जुलै २०२०, १० जण. मी सांगितलं सगळं. काकूंनी शांतपणे पोळ्या लाटत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं पोरी, मला काय मरायची हौस आहे का. पण मी खाली उतरले की ही खोली कोणाची? पावतीवर माझं नाव आहे का? माझ्या मालकांचं (म्हणजे नवऱ्याचं) तरी होतं का? उद्या इथे टॉवर झाला आणि मी आले दारात, तर कोण म्हणेल मला की या बाई, ही तुमची खोली?"

मला उत्तर देता आलं नाही त्या क्षणी. आणि तिथेच मला कळलं की आपण चुकीच्या ठिकाणी समजावत होतो, यांना छताची भीती आमच्याइतकीच आहे, किंबहुना जास्तच, पण छत पडेल ही शक्यता आहे आणि खोली जाईल हे त्यांच्या डोक्यात नक्की आहे. माणूस खात्रीच्या नुकसानापेक्षा शक्यतेचा धोका पत्करतो. त्यामुळे आधी कागद, मग सामान, असं आम्ही ठरवलं, आणि कागदाला किती दिवस लागणार तेवढे दिवस नातवाला आणि सुनेला रात्रीचं तिथे झोपवायचं नाही एवढं मात्र काकूंकडून कबूल करून घेतलं. सून आणि नातू सुनेच्या माहेरी डिलाईल रोडला झोपायला जायचे. ही तडजोड बरोबर होती का यावर आमच्यातच वाद झाला, वकील ताईंचं म्हणणं होतं की एक रात्रसुद्धा कुणी राहू नये. त्यांचं चूक नव्हतं. पण काकूंना उचलून खाली आणणं आमच्या हातात नव्हतं.

थोडं मागचं सांगते, नाहीतर बाहेरगावच्या वाचकाला कळायचं नाही की १८७ रुपये भाड्याच्या खोलीसाठी माणूस जीव का टांगणीला लावतो.

मुंबई शहरात, म्हणजे बेटावर, जुन्या भाड्याच्या इमारती मालक दुरुस्त करेनात कारण भाडी गोठलेली, आणि पडायला लागल्या तेव्हा १९६९ ला कायदा आला, भाडेकरूंकडून उपकर म्हणजे सेस घ्यायचा आणि सरकारी दुरुस्ती मंडळाने दुरुस्ती करायची. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. १९४० च्या आधीच्या त्या अ वर्गातल्या, आणि सगळ्यात जास्त त्याच होत्या, साडेसोळा हजार. म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, कायदा १९७६ चा, त्यानंतर हे दुरुस्ती मंडळ म्हाडाच्या खाली आलं, लोक त्याला रिपेअर बोर्डच म्हणतात. दरवर्षी पावसाळ्याआधी बोर्ड पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, २०२५ ला त्या यादीत ९६ इमारती होत्या आणि त्यात ३१६२ भाडेकरू-रहिवासी. पुनर्विकास झाला तर भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फुटांचं घर मालकीहक्काने मिळतं. म्हणजे काकूंच्या हातात आज जी पावती आहे ती १८७ रुपयांची नाही, लालबागसारख्या ठिकाणच्या ३०० फुटांच्या घराची आहे, आणि त्यांच्या नातवाचं मुंबईत राहणं शक्य आहे की नाही हे त्या कागदावर ठरणार आहे. हे मालकालाही माहीत असतं, दिराला माहीत असतं, दलालाला तर आधी माहीत असतं.

बरं, खाली केल्यावर जातात कुठे, तर संक्रमण शिबिरात, ट्रान्झिट कॅम्पला. सायनला प्रतीक्षानगर, विक्रोळीला कन्नमवार नगर, शिवाय गोराई, चारकोप, मानखुर्द. आणि लोकांची भीती इथूनच येते. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून गेलेली कुटुंबं तीस-तीस वर्षं कॅम्पात आहेत, मूळ माणूस गेला, पोरांची लग्नं झाली, मूळ इमारतीच्या जागी काहीच उभं राहिलं नाही. त्यात काहींनी मुखत्यारपत्रावर गाळे विकले, काही ठिकाणी घुसखोर आले, मग सरकारने कॅम्पातल्या लोकांचे अ ब क असे गट केले, मूळ भाडेकरू अ मधे. लालबागच्या प्रत्येक चाळीत कुणाचा तरी मामा, कुणाची तरी आत्या अशी कॅम्पात अडकलेली आहे. काकूंची नणंद आहे. ती १९९१ ला गेलीये आणि अजून तिथेच आहे. तर काकूंना कॅम्प म्हटल्यावर नणंद दिसते, आणि हे कुठल्या माहितीपत्रकाने पुसलं जाणार नाही.

आता कागदांचं.

पहिली गोष्ट म्हणजे भाडं. मालकाच्या माणसाने २०२२ पासून काकूंकडून भाडं घेणंच बंद केलं होतं, "नाव तुमचं नाही, कोणाच्या नावाने पावती फाडू" असं म्हणून. ही चाल जुनी आहे, तीन-चार वर्षं गेली की थकबाकीचा मुद्दा तयार. काकूंना वाटत होतं की भाडं भरलं नाही म्हणजे हक्क गेलाच, आणि या लाजेपोटी त्यांनी हे कुणाला सांगितलंही नव्हतं. मला चौथ्या भेटीत कळलं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम १५ आहे, त्यात भाडेकरू भाडं द्यायला तयार असेल तर त्याला काढता येत नाही, आणि थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस आणि ९० दिवस द्यावे लागतात. अशी नोटीस आलेलीच नव्हती. मग आम्ही हिशोब करून सगळं थकलेलं भाडं मनीऑर्डरने पाठवलं, सोबत साध्या मराठीत पत्र की तुमच्या माणसाने घेतलं नाही म्हणून पाठवतोय. मनीऑर्डर घेतली नाही, परत आली. परत आलेली मनीऑर्डर हाच पुरावा की आम्ही द्यायला तयार होतो, म्हणून ती पावती काकूंच्या फाईलमधे पहिल्या पानावर लावली. काकूंचा पहिल्यांदा चेहरा सैल झाला तो या दिवशी, पैसे परत आल्यावर. त्या म्हणाल्या की इतकी वर्षं मला चोर असल्यासारखं वाटत होतं.

दुसरं, नाव. कायद्यात भाडेकरूची जी व्याख्या आहे, कलम ७ मधे, त्यात भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या वेळी राहणारा घरातला माणूस भाडेकरू होतो असं आहे, आणि तसा कुणी नसेल तर वारस, आणि आपसात ठरलं नाही तर कोर्ट ठरवतं. सासरे १९९८ ला गेले तेव्हा १९४७ चा जुना कायदा होता पण त्यातही तत्त्व हेच. म्हणजे सासऱ्यांनंतर काका, कारण ते बरोबर राहत होते, आणि काकांनंतर काकू आणि मुलगा. पावतीवर नाव बदललं नाही म्हणून हक्क हवेत विरत नाही. पण राहत होतो हे दाखवायला लागतं. तर रेशनकार्ड, काकांचं आणि सासऱ्यांचं मृत्यू प्रमाणपत्र, १९९५ ची मतदार यादी, लाईट बिलं, मुलाचा शाळेचा दाखला ज्यावर हाच पत्ता, गॅसचं पुस्तक. पत्र्याच्या ट्रंकेत सगळं होतं, काकांनी एकही कागद फेकला नव्हता, फक्त वाळवीने मतदार यादीची एक कड खाल्ली होती. सासऱ्यांचा मृत्यू दाखला मात्र नव्हता, ते गावी संगमेश्वरकडे वारले होते, तो ग्रामपंचायतीतून काढायला मुलाला रजा टाकून जावं लागलं आणि त्याचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. असे खर्च कुणी मोजत नाही.

तिसरं, दीर. हे सगळ्यात अवघड होतं.

दीर १९९२ पासून बदलापूरला. स्वतःचं घर आहे. नोटिशीची बातमी कळल्यावर ते तीन वर्षांनी पहिल्यांदा चाळीत आले, गॅलरीत उभे राहिले, आणि म्हणाले, "वहिनी, बाबांची खोली आहे, माझाही त्यात हिस्सा निघतो." काकू काही बोलल्या नाहीत, चहा ठेवला. मुलगा उसळला, "काका, बाबांना ऑक्सिजन लागला तेव्हा हिस्सा आठवला नाही का?" आणि मग जे व्हायचं ते झालं, आवाज चढले, शेजारी दारात आले.

कायद्याने बघितलं तर दिरांची बाजू लंगडी होती, वडील गेले तेव्हा ते तिथे राहत नव्हते. आमच्यातला एक जण म्हणाला सरळ सांगा त्यांना, हिस्सा नाही, कोर्टात जा. मी म्हणाले थांबा. कारण कोर्टात जा हे वाक्य ऐकायला छान असतं, पण ते लघुवाद न्यायालयात गेले, स्थगिती मागितली, किंवा नुसता ऑफिसात हरकतीचा अर्ज जरी टाकला, तर काकूंची पात्रता वादग्रस्त म्हणून बाजूला पडू शकते, आणि चाळ पाडल्यावर वादग्रस्त शिक्का असलेली बाई कुठे उभी राहणार. आपल्याला खटला जिंकायचा नव्हता, काकूंना पावसात सुरक्षित छताखाली न्यायचं होतं आणि परतीची वाट उघडी ठेवायची होती.

म्हणून मी आणि क्लार्ककाका बदलापूरला गेलो. दिरांच्या घरी. मी त्यांच्याशी हिस्स्यावर बोललेच नाही. मी विचारलं की तुमच्या लहानपणी तुम्ही कुठे झोपायचा, पोटमाळ्यावर की गॅलरीत. ते बोलायला लागले, गिरणीच्या संपाचं सांगितलं, १९८२ चा, वडील घरी बसले आणि आईने चकल्या करून विकल्या, भावाने शाळा सोडली आणि याला शिकवलं. मग बराच वेळ गप्प राहिले. आणि मग खरी गोष्ट बाहेर आली, त्यांना खोली नको होती, त्यांना वाटत होतं की पुतण्या बिल्डरकडून पैसे घेऊन खोली फुंकून टाकेल आणि बाबांची जागा अशी संपेल. तसं करणार नाही एवढं कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

शेवटी स्टॅम्पपेपरवर दोनच वाक्यांचं ना-हरकत लिहून घेतलं, की खोलीत वहिनी आणि पुतण्या राहतात, त्यांचं नाव भाडेकरूंच्या यादीत लागायला माझी हरकत नाही. पुढच्या हक्काबद्दल त्यात एक शब्दही नाही, मुद्दामच नाही. वकील ताई म्हणाल्या हे अपुरं आहे. आहेच अपुरं. पण पूर्ण हक्कसोडपत्र मागितलं असतं तर ते मिळालं नसतं आणि पावसाळा आमच्यासाठी थांबला नसता. जेवढा कागद आज छत मिळायला लागतो तेवढा आज घ्यायचा, असं माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

चौथं म्हणजे मोजणी. खोली खाली करायच्या आधी खोलीचं चटईक्षेत्र मोजून, रहिवाशाचं नाव, खोली नंबर, मजला हे यादीत लागलं पाहिजे आणि त्या पानाची नक्कल आपल्या हातात पाहिजे. लोक घाईत सामान काढतात, मोजणीच्या दिवशी घरात कुणी नसतं, शेजारी सांगतात तसं नाव लागतं, आणि मग आयुष्यभर ते नाव दुरुस्त करत बसायचं. मुलाने रात्रपाळी करून सकाळी न झोपता थांबून मोजणी करून घेतली. खोलीचे चारही भिंतींचे, मोरीचे, पोटमाळ्याचे, दारावरच्या नंबरचे फोटो काढले, काकू त्यात उभ्या आहेत. मीटरचा नंबर दिसेल असा एक वेगळा फोटो.

हे सगळं आमचं चालू असताना चाळीतल्या लोकांना एक गोष्ट आम्ही सारखी सांगत होतो, की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क मरत नाही. २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने हे स्पष्ट सांगितलंय, पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा जागेवरचा हक्क राहतो. एका शनिवारी वकील ताईंनी त्या निकालाचा अर्थ गॅलरीत उभं राहून दहा मिनिटांत मराठीत सांगितला आणि त्यानंतरच्या चार दिवसांत अकरा खोल्यांनी सामान बांधायला घेतलं. नोटिशीने जे तीन आठवड्यांत झालं नव्हतं ते या दहा मिनिटांनी झालं. नोटिशीवर लाल अक्षरात धोका छापलेला असतो, पण परत येण्याबद्दल माणसाला कळेल असं एक वाक्य नसतं. ते वाक्य छापावं हे मी जिथे जाते तिथे सांगते.

आता जायचं कुठे. त्या वर्षी एक नवा पर्याय जाहीर झाला होता, अतिधोकादायक इमारतीतल्यांना कॅम्पातल्या गाळ्याऐवजी महिना २० हजार रुपये भाडं. मला वाटलं काकूंसाठी हेच उत्तम, लालबाग-काळाचौकीतच खोली घेतील, नातवाची शाळा तीच, डब्यांची गिऱ्हाईकं तीच. मी अगदी दोन खोल्या बघूनही आले. पण काकूंनी मला बसवून हिशोब सांगितला. डिपॉझिट पन्नास-साठ हजार कुठून आणू, दलालाचं एक महिन्याचं, अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवेल नाहीतर जा म्हणेल, मग परत डिपॉझिट, परत टेम्पो. आणि मग म्हणाल्या, "भाड्याच्या खोलीच्या करारावर ह्या चाळीचं नाव असेल का गं? कॅम्पाच्या पत्रावर असतं."

त्यांचं बरोबर होतं आणि मी हे बघितलंच नव्हतं. गाळा मिळतो त्या पत्रात तुम्ही कुठल्या इमारतीतल्या, कुठल्या खोलीतल्या हे लिहिलेलं असतं. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात एकही पावती नाही तिच्यासाठी ते पत्र म्हणजे स्वतःच्या नावाचा पहिला कागद. नणंदेचं उदाहरण डोळ्यासमोर असतानाही त्यांनी कॅम्प निवडला तो यासाठी. ज्यांच्या नावावर पावती आहे, हातात थोडे पैसे आहेत, त्यांच्यासाठी भाड्याचा पर्याय चांगला असू शकतो, चाळीतल्या चार कुटुंबांनी तो मागितलाही. पण मदत करणाऱ्याने आपल्याला जे सोयीचं दिसतं ते पुढे ढकलू नये, हे मी काकूंकडून शिकले.

प्रतीक्षानगरचा गाळा मिळाला. विक्रोळी मिळालं असतं तर शाळा सुटली असती. सायनहून बस आहे, सून सकाळी नातवाला शाळेत सोडून तशीच दवाखान्यात जाते. टेम्पो आणि हमालीचे पैसे गावकऱ्यांच्या मंडळाने दिले. कोकणातल्या गावांची मुंबईत अशी मंडळं आहेत आणि त्यांच्या लालबाग-परळला गावाच्या खोल्या आहेत, गिरणीच्या काळात बिनकुटुंबाचे गडी तिथे पथारी टाकायचे. काकूंच्या गावाच्या खोलीत आता दोनच म्हातारे राहतात, तिथे कपाट, शिलाई मशीन आणि मोठी पातेली ठेवायला जागा दिली. मुलगाही कधी रात्रपाळीहून लवकर आला तर तिथेच झोपतो. सरकारी योजनेत हे कुठे बसत नाही, पण ही गावाची खोली नसती तर ते मशीन विकावं लागलं असतं आणि काकूंचा जोडधंदा गेला असता.

हलायची तारीख ऑगस्टच्या मधली ठरत होती आणि काकू परत अडल्या. २७ ऑगस्टला गणपती होते. सासऱ्यांच्या वेळेपासून गणपती त्याच खोलीत, त्याच कोनाड्याखाली. एवढा एक गणपती करून जाते म्हणाल्या. मुलगाही गप्प. मला रडू येत होतं खरं तर कारण मी काय बोलणार यावर. मग १८-१९ ऑगस्टचा तो पाऊस झाला, सगळी मुंबई थांबली होती, आणि जिन्याच्या दोन पायऱ्या रात्रीत गेल्या. २० तारखेला सकाळी काकूंचा स्वतःहून फोन आला, टेम्पो सांग. जाताना त्यांनी कोनाड्यातला लाकडी पाट तेवढा स्वतःच्या हाताने नेला. गणपती प्रतीक्षानगरच्या गाळ्यात बसले, त्याच पाटावर, आणि बदलापूरहून दीर आरतीला आले.

ज्यांचं काम झालं नाही त्यांच्याबद्दल पण लिहायला हवं. जिन्याखाली एक इस्त्रीवाले आजोबा राहायचे, तीस वर्षं, रात्री टेबलाखालीच झोपायचे. त्यांच्याकडे पावती नाही, पोटभाडेकरू म्हणूनही कुठे नोंद नाही, रेशनकार्ड गावचं. मोजणीत जिन्याखालची जागा आलीच नाही. मी खूप शोधलं, काहीही सापडलं नाही ज्यावर बोट ठेवून म्हणता येईल की हे इथे राहत होते. शहरी बेघरांसाठी निवारे असतात, सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या आदेशांपासून दर लाख लोकवस्तीमागे एक चोवीस तासांचा बारमाही निवारा हवा असा निकष आहे, मी त्यांना एका ठिकाणी घेऊन गेले. त्यांनी बघितलं आणि विचारलं, इस्त्री कुठे ठेवू, कपडे कुठे ठेवू. झोपायची जागा होती पण धंद्याची नव्हती, आणि धंदा नाही तर त्यांना निवारा आयुष्यभर लागणार. आता ते मागच्या गल्लीत एका दुकानाच्या फळीवर झोपतात. तीन गिऱ्हाईकं टिकलीत. आमच्या सगळ्या मदतीचा पाया कागद होता, त्यामुळे ज्याच्याकडे कागदच नाही तिथे आमचे हात रिकामे राहिले. याच्यावर माझ्याकडे आज उपाय नाही. आता नव्या चाळीत गेलो की आम्ही सगळ्यात आधी जिन्याखाली, गच्चीवर, गॅलरीच्या टोकाला कोण राहतं ते लिहून घेतो, मोजणीच्या आधी, निदान नाव तरी कुठेतरी लागावं म्हणून.

चाळीचं पुढे काय, तर सध्या ती रिकामी आहे, वरचे दोन मजले उतरवलेत. म्हाडा कायद्यात ७९-अ नावाचं कलम २०२२ पासून आलंय, त्यात मालकाला ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने, आणि तेही नाही झालं तर बोर्ड जागा संपादन करून स्वतः बांधणार अशी सोय आहे. पण या कलमाखालच्या नोटिसा जुलै २०२५ ला हायकोर्टात अडकल्या आणि मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, त्यामुळे आम्ही नुसतं या कलमाच्या भरवशावर बसलो नाही. अठ्ठावीसपैकी बावीस जणांची नियोजित सोसायटी झालीये, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावाच्या खोलीत मीटिंग असते, कॅम्पातले आणि भाड्याने गेलेले सगळे येतात. विखुरले की संपलं हे कॅम्पात तीस वर्षं काढलेल्या नणंदेनेच पहिल्या मीटिंगमधे येऊन सांगितलं, त्यांच्या चाळीतले लोक पाच ठिकाणी गेले आणि कुणाचा पत्ता कुणाकडे राहिला नाही. म्हणून रजिस्टरमधे प्रत्येकाचे दोन-दोन फोन नंबर आहेत, एक स्वतःचा आणि एक नातेवाईकाचा.

डब्यांची गिऱ्हाईकं निम्मी झाली, हे मात्र भरून निघालेलं नाही. सायनला नवीन गिऱ्हाईक जोडायला वेळ लागतोय. रेशन तिथल्या दुकानातून मिळतं, कार्डावरचा पत्ता मात्र आम्ही चाळीचाच ठेवलाय.

आणि दर महिन्याच्या पाच तारखेला काकू सायनच्या पोस्टात जाऊन १८७ रुपयांची मनीऑर्डर करतात, ज्या खोलीला आता छप्परही नाही त्या खोलीचं भाडं. मालक घेत नाही, पैसे परत येतात. परत आलेली पावती फाईलमधे लागते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा फाईल भरली होती, त्यांनी सुनेला नवीन आणायला सांगितली होती, जाड पुठ्ठ्याची.